पंधरा काड्यांचा बर्गर

जटपुरा गेटापाशी नवीन दुकान निघालं होतं आणि माझ्या मुलीची, दिव्यानीची, बारावीची पूर्वपरीक्षा संपली होती, एवढ्या निमित्ताने आम्ही बापलेक जानेवारीतल्या एका संध्याकाळी तिथल्या उंच स्टुलांवर बसलो होतो. तिने बर्गर दोन्ही हातांत धरला, अंगठ्यांनी दाबला आणि म्हणाली, "असा धरायचा बाबा, अन् मोठा आ करायचा." मी धरला, दाबला, आ केला. बर्गर तोंडाबाहेरच राहिला. पाव वर नाकाखाली टेकला, खाली हनुवटीला, आणि दात नुसते तिळांवरून घसरले. मी जोर केला. कानापुढे, जबड्याच्या सांध्यापाशी, काहीतरी ताणलं आणि गंजलेल्या कडीसारखं तिथेच अडलं. मी बर्गर खाली ठेवला आणि म्हणालो, "मले हे बाहेरचं आता जात नाई." मग तो सुटा करून काट्याने बारीक तुकडे चघळत बसलो. त्यातली लाल चटणी गालाच्या आतून अशी पेटली की डोळ्यांत पाणी आलं. दिव्यानीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ताटलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि "हो बाबा" एवढंच म्हणून स्वतःचा बर्गर संपवला. एरवी ती स्कूटरवर मागे बसली की गेटापासून तुकूमच्या आमच्या घरापर्यंत बोलत येते. त्या दिवशी सगळी वाट ती मोबाइलमध्ये बघत आली.

तोंड काही एका दिवसात बंद होत नाही. मी वीस वर्षं खर्रा खाल्ला, आणि आमच्याकडे ही काही सांगण्यासारखी गोष्टच नाही. इथे दोन माणसं भेटली की आधी खिशातून प्लॅस्टिकची पन्नी निघते आणि मग विषय निघतो. सुपारीचा भुगा, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घालून तळहातांमध्ये घोटायचं आणि अर्धं समोरच्याला द्यायचं. समोरच्याने नाही म्हणायचं नसतं. दोन वर्षांपूर्वी माझे गाल आतून कडक व्हायला लागले. तिखटाचा कण लागला तरी आग व्हायची. मी मुकाट्याने दहीभात आणि मऊ खिचडीवर आलो. घरात कोणी विचारायच्या आत त्याचं कारण तयार झालं, आणि गंमत म्हणजे ते मी तयार केलेलं नव्हतं. त्याच सुमारास मी ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलो होतो. तिथले दहा दिवस मी खरोखर खर्र्याशिवाय काढले. अकराव्या दिवशी बसस्टँडवर उतरलो आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी टपरीवर हात पुढे केला. पालथ्या घड्यावर पाणी. पण पुनमने, माझ्या बायकोने, टपरी पाहिली नव्हती, ताटात बाजूला सारलेली मिरची पाहिली होती. तिने ते मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने विहारात. पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारातल्या वडीलधाऱ्या रुखमाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अश्विनभाऊले पाहा. शिबिराहून आले अन् तिखट सोडलं. जीभ जिंकली माणसानं." लोकांनी साधु, साधु, साधु म्हटलं. मी हात जोडले. तेव्हा माझ्या डाव्या दाढेमागे खर्रा होता, म्हणून उत्तर देता येत नव्हतं, आणि लोकांना ते मौनही ध्यानाचंच वाटलं. पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाशी माझा आवाज बारीक होतो हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. बाबासाहेबांच्या तसबिरीकडे मात्र त्या दिवशी मी पाहू शकलो नाही.

दुकानातल्या त्या संध्याकाळनंतरच्या सोमवारी मी कचेरीतून दोन तासांची सुट्टी काढली आणि कोणाला न सांगता दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. "तीन बोटं उभी घाला तोंडात," त्या म्हणाल्या. धडधाकट माणसाची जातात. माझी दीड गेली. त्यांनी गालातून तिळाएवढा तुकडा तपासायला काढला आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. त्या आठ दिवसांत मी घरात पाहुण्यासारखा वावरलो. पुनम भाजी निवडताना बसते तिथे ऊन किती वाजता येतं हे मला पहिल्यांदा कळलं. दिव्यानी पाठांतर करताना डाव्या पायाने खुर्चीचा दांडा हलवते हेही. वीस वर्षांत न पाहिलेल्या गोष्टी एका आठवड्यात पाहून घ्यायची घाई झाली होती, आणि त्यातली एकही मला तोंडाने कोणाला सांगता येत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा. फरक एवढाच की दाबणारा मी आणि बुक्क्याही माझ्याच. आठव्या दिवशी बाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण गाडी त्याच गावाला चालली आहे. उतरायचं असेल तर इथेच उतरा." मी उतरलो. निदान दरवाजाशी येऊन उभा राहिलो. खर्रा त्या दिवशी सुटला, आणि कचेरीतले लोक टपरीवर निघाले की मी फायलींच्या कपाटात डोकं घालू लागलो.

औषध म्हणून मिळाल्या त्या आईस्क्रीमच्या काड्या. एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि बसेल तेव्हा मध्ये आणखी एक सरकवायची, दिवसातून पाच वेळा. स्टेशनरीच्या दुकानात शंभर काड्यांचं पाकीट मिळालं. दुकानदाराने विचारलं, "पोरीचा प्रोजेक्ट?" मी हो म्हणालो. सुरुवात अकरा काड्यांनी झाली. टेरेसवर पाण्याच्या टाकीमागे उभं राहून, वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे बघत मी काड्या तोंडात धरून उभा राहायचो. कावळे सोडून बघणारं कोणी नव्हतं. तीन आठवड्यांत अकराच्या चौदा झाल्या. चौदा काड्यांना रबर लावून मी त्या एका जुन्या मोज्यात घालायचो आणि मोजा कपाटाच्या खालच्या खणात. आणि मग सगळं थांबलं. चार आठवडे चौदा. पंधरावी काडी टोकाशी टेकायची आणि परत यायची. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, मार्चअखेर पाहू. पुढे सरकलं नाही तर आतून कापून मोकळं करावं लागेल. कचेरीतल्या माणसाला मार्चअखेरची धास्ती घालायची गरज नसते, पण ह्या वर्षी मला ती निराळ्याच जागी बसली होती.

बारावीचे पेपर संपले त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दिव्यानीने सकाळीच जाहीर केलं, "आज मी बर्गर करून राह्यली घरी. टर्कीचा. ग्रीक." पुनम मूल गावी माहेरी गेली होती आणि चारला परतणार होती. बर्गर हा शब्द ऐकूनच माझा जबडा दुखला. "चिकनचा काऊन नाई?" मी विचारलं, जणू प्रश्न पक्ष्याचा होता. "याच्यात टर्कीच लिहिलं आहे. अन् पोचूकाका घेऊन येऊन राह्यले." म्हणजे तिने माझ्या मित्राला परस्पर फोन केला होता. पोचू माझ्याबरोबर कॉलेजात होता. जिवतीकडे त्याचं कपाशीचं शेत आहे आणि गेली तीन वर्षं त्याने टर्क्या पाळल्या आहेत. टर्की म्हणजे मोर व्हायला निघालेली आणि वाटेत विचार बदललेली कोंबडी. पोचू दहाला आला, साफ केलेल्या मांसाचा स्टीलचा डबा दिव्यानीला दिला, "तिखट कमी टाकजो माय, मांस गोड आहे" म्हणाला आणि खुर्चीत बसता बसता त्याचा हात खिशात गेला. पन्नी निघाली. मी त्याच्या तळहातांकडे बघत राहिलो. उजवा तळहात डाव्यावर रेटत जातो, थांबतो, परत येतो. चुन्याचा वास दोन हात लांबून आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लाज वाटली, पण सुटलं.

"घे बे," पोचूने अर्धा पुढे केला.

"नको."

त्याचा हात तसाच राहिला. वीस वर्षांत मी त्याला नको म्हटलं नव्हतं. "काऊन? तब्येत बरी नाई का?"

"दाढ दुखते."

"मंग तं खाच. दाढ बहिरी होते."

मी मान हलवली. त्याला लागलं होतं हे दिसत होतं. मग त्याने आपला अर्धा तोंडात टाकला, आणि त्यानंतर पाऊस, बोंडअळी, टर्क्यांचा आवाज हे सगळं नाकातून बोलल्यासारखं बोलला. उठताना माझा अर्धा त्याने नीट पन्नीत बांधला आणि टीपॉयवर ठेवला. "तुहा हिस्सा ठेवून देतो. दाढ थांबली का खाजो." असा ठेवलेला हिस्सा आमच्यात कोणी टाकत नाही. पोचू गेला आणि ती पन्नी समोर राहिली. स्वयंपाकघरातून मिक्सर थांबून थांबून फिरत होता. दाढ दुखते, असं मी म्हटल्यावर तो क्षणभर बंद झाला होता, हे मला आता आठवतं. तेव्हा मी फक्त पन्नीकडे बघत होतो.

"बाबा, हात धुऊन या. कालवून द्या, तुमच्या हाताले जोर आहे," आतून हाक आली. बरं झालं आली. परातीत टर्कीचा खिमा होता, बारीक चिरलेला पालक आणि कांदा, खारवलेलं पनीर कुस्करून, आणि वर्षभरात पिझ्झ्याबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या, ज्या ती डब्यात साठवत होती. मी हात घातला. खिमा थंड होता. दोनदा उलटसुलट केलं आणि तळहाताच्या मुळाने रेटायला लागलो, आणि लक्षात आलं की हात घोटतो आहे. रेटतो, थांबतो, परत येतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझे वडील, गुणवंतराव, राजुऱ्याकडच्या कोळशाच्या खाणीत होते. खाली बिडीकाडी नेता येत नाही, म्हणून खाली जाणारे सगळे तोंडात खर्रा धरून जात, आणि वर आल्यावरही तोंड तसंच राही. माझ्या लहानपणात बाबांचे शब्द फार नाहीत. हूं आहे, हाताने दाखवलेली दिशा आहे, भुवया आहेत. दहावीला मी पहिल्या वर्गात पास झालो तेव्हा धावत घरी आलो होतो. बाबा ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं, डोळे मोठे केले, आणि एक बोट वर करून मला थांब म्हणाले. मग उठून मोरीशी थुंकायला गेले. चूळ भरल्याचा आवाज आला. बोलायचं होतं त्यांना, मोकळ्या तोंडाने काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात शेजारची माणसं आली, आईने साखर वाटायला घेतली, आणि बाबा परत आले तेव्हा अंगणात गर्दी होती. ते जरा वेळ उभे राहिले आणि मग खिशातून पन्नी काढली. ते काय म्हणणार होते हे मला कधीच कळलं नाही. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. आणि दोन वर्षांपूर्वी दिव्यानीचा दहावीचा निकाल लागला, ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर आली, तेव्हा मी बोट वर करून तिला थांब म्हणालो आणि बेसिनकडे गेलो. परत आलो तर ती मामाशी फोनवर बोलत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढंच. परातीत रेटता रेटता मी बाहीने डोळे पुसले, आणि कांद्याचं निमित्त केलं.

दिव्यानी पलीकडे चटणीला लागली होती. रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, किसून मुठीत पिळलेली काकडी, लसणाची एकच पाकळी आणि शेपू. पुनम शेपूच्या वासाने भाजीवाल्याचा गाडा ओलांडून जाते. तिच्या पश्चात ती जुडी घरात आली होती. मी इकडेतिकडे पाहिलं. "मिरची कुठी आहे?"

"नाई टाकत. ग्रीक लोकं नाई खात."

"तुले आवडन का असं?"

"मी वरून घेईन." तिने बोटाने दही माझ्या ओठाला लावलं, मी लहान असल्यासारखं. थंड, आंबटसर, शेपूचा हिरवा वास. गालात काहीच पेटलं नाही. मोबाइलवर हजार तऱ्हेचे बर्गर असतात, त्यांत ही बिनतिखटाचा शोधत किती वेळ बसली असेल, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. माणूस काही लपवत असला की त्याला वाटतं बाकीचे आंधळे आहेत.

मग तिने पोळपाटावर केळीचं पान अंथरलं, खिम्याचा गोळा मध्ये ठेवला, आणि खणातून आईस्क्रीमच्या काड्या काढल्या. गोळ्याच्या एका बाजूला पाच काड्या एकावर एक, दुसऱ्या बाजूला पाच. वरून सपाट बुडाचा डबा ठेवून ती दाबत गेली, डबा दोन्हीकडच्या काड्यांना टेकेपर्यंत. मी परातीत हात तसेच ठेवून बघत राहिलो.

"हे काय करून राह्यली?"

"माप." ती वर न बघता म्हणाली. "खिमा पाच. वरचा पाव चार, खालचा चार, मधला गर मी काढून टाकला. दही अन् काकडी दोन. पंधरा."

"पंधरा कशाचे?" चोराच्या मनात चांदणं.

"तुमच्या मोज्यात चौदा आहे."

मी म्हणालो, "तू मोजल्या?"

"रोज मोजते." आता तिने डबा बाजूला ठेवला. "तुम्ही आंघोळीले गेले का मोजते. पहिले वाढत होत्या, अकरा, बारा, तेरा. मग चौदावर थांबल्या. केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशीही मोजून गेली मी. मले वाटलं तुम्ही सांगाल."

माझं बोट वर गेलं. खिम्याने भरलेलं, थांब म्हणणारं ते बोट मी माझ्याच डोळ्यांनी वर जाताना पाहिलं, आणि पाय बेसिनकडे वळायला निघाले. पण तोंडात काहीच नव्हतं. थुंकायला काही नव्हतं, जायला कारण नव्हतं. मी बोट खाली घेतलं.

"तोंड उघडत नाई माझं," मी म्हणालो. "खर्र्यानं. दोन वर्षं झाली. तिखट सोडलं ते त्याच्यानं, विहारात लोकं बोलते तसं काही नाई. जानेवारीत तपासलं. कॅन्सर नाई. मार्चअखेर पाहतील, नाई तं आतून कापतील. खर्रा बंद आहे. तुले त्या दिवशीच सांगायचं होतं."

ती खाली बसली. सरळ फरशीवर, गॅसच्या सिलिंडरला टेकून. "कॅन्सर नाई?"

"नाई."

"पक्कं?"

"रिपोर्ट आहे. कपाटात, विम्याच्या फायलीत."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं होतं तिला सगळं माहीत आहे. तिला फक्त काड्या माहीत होत्या. रिपोर्ट तिने पाहिला नव्हता. चौदावर थांबलेल्या काड्या घेऊन ती महिनाभर एकटीच त्या गाडीत बसली होती, आणि परीक्षा देत होती. "हे तरी सांगायचं होतं बाबा," ती हातांआडून म्हणाली. मी तिच्या शेजारी बसलो. हात बरबटलेले, म्हणून कोपराने तिला जवळ घेतलं. माफ कर म्हणायला मोठं तोंड लागत नाही. मी म्हणालो. दोनदा म्हणालो. आणि दहावीचंही म्हणालो, की तू लई चांगले मार्क घेतले होते, मले तेव्हा बोलायचं होतं. ती रडता रडता हसली. "ते आता सांगून राह्यले?"

मग ती उठली, तोंड धुतलं आणि तवा चढवला. टिक्क्या एकेक बाजूने सावकाश भाजल्या, पाव बटरवर दाबून शेकले. मी हात धुतले आणि बैठकीत गेलो. पन्नी टीपॉयवर होती, खिडकीच्या उन्हाने जरा कोमट झालेली. हातात घेतली तेव्हा वजन काहीच नव्हतं. ती आणून मी काकडीच्या सालींखाली डब्यात टाकली. पोचूला फोन करून दाढेचं खरं सांगायचं आहे, रुखमाबाईंनाही. पण ते उद्या. एका दिवसात माणसाने किती उघडावं.

"आईले तुम्हीच सांगायचं," दिव्यानी ताटली पुढे ठेवत म्हणाली. "चार वाजता."

"हो."

बर्गर चपटा होता, दुकानातल्याच्या निम्माही नव्हता, आणि कडेने दही ओघळत होतं. पाव दबतो, काडी दबत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ह्या पंधराला डॉक्टरबाईंनी पंधरा धरलं नसतं. मी दोन्ही हातांनी धरला, अंगठ्यांनी दाबला. सांध्यापाशी तीच ओढ लागली, तीच जागा. दिव्यानीने स्वतःचा घास हातातच ठेवला होता आणि नकळत तिचंही तोंड उघडलं होतं, बाळाला भरवताना आईचं उघडतं तसं. मी जरा थांबलो, श्वास सोडला आणि पुन्हा आ केला. दुखलं. खूप दुखलं. आणि वरचे दात पावाच्या कडेवरून पलीकडे उतरले, खालचे खालून आले, आणि मध्ये पाव, दही, काकडी, पालक, टर्की, सगळं एकदम एका घासात आलं. थंड आणि गरम. कुठेही आग नव्हती. गालभर घास होता आणि बोलायला जागा नव्हती. अशा वेळी आमच्या घरातले पुरुष हूं म्हणतात.

मी भरल्या तोंडानेच बोललो. दह्याचा थेंब शर्टावर पडला. "मस्त झाला," मी म्हणालो, "पुढच्या रविवारी सोळाचा कर."

"आधी हा तं संपवा," ती म्हणाली, आणि तिने पोळपाटाशेजारची एक काडी धुऊन, पुसून माझ्या ताटलीच्या कडेला ठेवली.